एका अजगराचा पूर्ण भाव

नोबल पार्कच्या व्हॅलेरियन तुस्कानोने आयुष्यात कुठल्याही वस्तूला सांगितलेला भाव दिला नाही, असं मेलबर्नमधली आपली माणसं छातीठोकपणे सांगायची. आणि खोटं नव्हतं हो ते! मोठ्या दुकानात फ्रिजवर छापील चिठ्ठी लावलेली, तरी हा गडी फ्रिज भिंतीपासून ओढून मागच्या बाजूचा ओरखडा शोधणार आणि वीस डॉलर कमी करूनच बाहेर पडणार. पुण्याच्या शिरीषला जुनी होल्डन गाडी घ्यायची होती तर तो याला हाताला धरून घेऊन गेला. बायको फिलोमिना मात्र सोबत जायची नाही. "मला लाज वाटते बाई," म्हणायची आणि गाडीत बसून राहायची.

ही विद्या बापाची. बाप वसईच्या बाजारात केळी विकायचा आणि घरचं सामान घ्यायचा तेही तिथेच, म्हणजे दोन्हीकडून तयार. वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करायची. एक खोड काढायची. अर्धा भाव बोलायचा. आणि पाठ फिरवून सरळ चालू लागायचं, मान वळवायची नाही. सातव्या पावलाच्या आत मागून हाक येतेच. होल्डनवाल्याने तर पाचव्या पावलालाच हाक मारली होती. शिरीषने ही गोष्ट पुढे दहा ठिकाणी सांगितली, दरवेळी एकेक पाऊल कमी करून.

तर असा हा तरबेज माणूस. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन, वय सेहेचाळीस, अंगाने आडवा. कोणाच्या बापाला न भिणारा. फक्त एका गोष्टीला भ्यायचा, आणि ती कळल्यावर कोणीही कपाळावर हात मारून घ्यावा, कारण नेमका तो ऑस्ट्रेलियात येऊन राहिला होता. व्हॅलेरियनला सापाची भीती होती. नुसती भीती नाही, सापाचं नाव निघालं तरी त्याची पाचावर धारण बसायची.

त्याच्या घरात तो शब्दच उच्चारायचा नाही. बोलायची वेळ आलीच तर 'लांबडं' म्हणायचं. बागेला पाणी घालायचा पाइप हिरवा मिळतो. त्याने शोधून शोधून पिवळा आणला, गवतात पडलेला असला तरी ओळखू यावा म्हणून. गवत इतकं बारीक कापायचा की शेजारचा ऑसी म्हणायचा, मेट, तुझ्या लॉनला सर्दी होईल. मागच्या अंगणात लाकडाची मोळी नाही, पाचोळ्याचा ढीग नाही. पाचोळ्याचा ढीग तर अजिबात नाही. हे सगळं तो 'स्वच्छता' या नावाखाली करायचा, त्यामुळे लेकीला, कार्मेलला, आपला बाप भित्रा आहे याचा पत्ताच नव्हता. तिच्या लेखी पापा म्हणजे जगातला सगळ्यात धीट माणूस, आणि दिलेला शब्द पाळणारा.

आणि याच कार्मेलला, पंधरा वर्षांच्या, शहाण्या, कधी काही न मागणाऱ्या मुलीला, साप पाळायचा होता!

शाळेत कोणीतरी साप घेऊन आलं होतं, तिने तो हातात धरला आणि तिथून खूळ लागलं. लायब्ररीतली पुस्तकं झाली, वह्या झाल्या, चित्रं झाली. "पापा, कार्पेट पायथन. अजगराच्या जातीतला. इट्स नॉट इव्हन व्हेनमस!"  व्हॅलेरियन नाही म्हणाला असता तर तिथेच विषय संपला असता. पण नाही म्हटलं की 'का' येतो, आणि त्या 'का'चं उत्तर त्याने पस्तीस वर्षांत कोणाला दिलं नव्हतं, फिलोमिनालासुद्धा नाही. म्हणून तो म्हणाला, "सरकारचा परवाना आला तर बघू." त्याला वाटलं, परवाना कसला येतोय. चार महिन्यांनी आला. कार्मेल लहान म्हणून त्याच्याच नावावर आला. मग तो म्हणाला, "पैसे तुझे तू जमव." पोरीने वर्षभर दर शनिवारी मिल्क बारमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या दूध-पावाच्या दुकानात, उभं राहून एकशे साठ डॉलर जमवले. शेवटी त्याच्याकडे एकच ढाल उरली. "भाव मी करणार. पटला तर घ्यायचा, नाहीतर नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस, माझी बाय."

म्हणजे लक्षात आलं ना? या वेळी व्हॅलेरियन सौदा करायला निघाला नव्हता, सौदा मोडायला निघाला होता. आणि लेकीला ते कळता कामा नये. कळलं असतं तर तिचा त्याच्यावरचा विश्वास गेला असता, आणि तो कुठल्याही बाजारात परत मिळणारा नव्हता.

एकोणीसशे शहाऐंशीच्या नोव्हेंबरमधला, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याच्या तोंडावरचा, रविवार. डँडेनाँगला एका शाळेच्या हॉलमध्ये साप पाळणाऱ्यांच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन आणि विक्री होती. फिलोमिनाची हॉस्पिटलात मॉर्निंग शिफ्ट होती, त्यामुळे बाप-लेक दोघंच. हॉलच्या दारापाशी एक दाढीवाला माणूस सॉस लावलेला सॉसेज-ब्रेड खात उभा होता आणि त्याच्या गळ्यात मफलर होता. एवढ्या उकाड्यात मफलर कसला, असं व्हॅलेरियनच्या मनात येतं न येतं तोच मफलरने मान वर केली.

व्हॅलेरियन दोन पावलं मागे हटला. "पापा, कम ऑन," म्हणून कार्मेलने त्याच्या बाहीला धरून आत ओढलं, म्हणून तो आत गेला. स्वतःच्या पायांनी गेला नसता.

आत ऊबदार, कोंदट वास. ओळीने टेबलं. काचेच्या पेट्या, त्यांत वेटोळी. पेट्यांचं एक ठीक आहे, काच तरी असते मध्ये. पण टेबलांखाली पांढऱ्या उशांचे अभ्रे ठेवले होते, तोंडाला गाठ मारलेले, आणि त्यांतला एखादा मध्येच हलायचा. अभ्रा हलला की व्हॅलेरियन एक पाऊल मागे सरकायचा. त्याने दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबले आणि नजर पेट्यांच्या झाकणांवर ठेवली. झाकण बंद आहे ना? कडी लागली आहे ना? या टेबलावरचं बंद. त्या टेबलावरचं बंद. पलीकडे लहान लहान पोरं साप हाताळत खिदळत होती आणि त्यांच्या आया बाजूला गप्पा मारत उभ्या. वेड लागलंय या लोकांना, तो मनात म्हणाला, साफ वेड लागलंय.

पहिल्या टेबलावर एक तरुण पोरगा होता. भाव दोनशे वीस. व्हॅलेरियनने टेबलापासून हातभर लांब उभं राहून खोड काढली. "डोळे पांढरे पडलेत. आंधळा आहे."

आजूबाजूचे चार लोक फिस्सकन हसले. कार्मेल कानापर्यंत लाल झाली. "पापा! कात टाकण्याआधी डोळे तसेच होतात. इट्स नॉर्मल."

"ते मला नको सांगूस. माल डागी आहे," व्हॅलेरियन म्हणाला आणि पुढे सरकला. एक टळला.

दुसऱ्या टेबलावरच्या माणसाने दोनशे सांगितले. व्हॅलेरियन सत्तर बोलला. अर्धेसुद्धा नाही! तो माणूस रागावला नाही, हसला नाही, वादात पडला नाही. "नो वरीज, मेट," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. व्हॅलेरियनने पाठ फिरवली आणि सवयीने पावलं मोजली. एक, दोन, तीन... आयुष्यात पहिल्यांदा तो मनातल्या मनात विनवत होता, हाक मारू नको रे बाबा, हाक मारू नको. सात झाली. मागे शांत. या देशात पाठ फिरवलेल्या माणसाला कोणी हाक मारत नाही, जायचंय तर जा म्हणतात, आणि देवाच्या कृपेने आज तेच बरं होतं. त्याने सुस्कारा सोडला. कार्मेल त्याच्या मागून येत होती, पैशांचं पाकीट छातीशी धरून.

तिसरं टेबल कोपऱ्यात होतं. बेरिल नावाची साठीची बाई, पिकलेले आखूड केस, हाताला माळीकाम करणाऱ्यांसारखे घट्टे. तिच्या पेटीत एकच कार्पेट पायथन होता, वर्षाचा, काळसर आणि त्यावर पिवळट नक्षी. कार्मेलने काचेला नाक लावलं. मग तिने खाण्याचं विचारलं, ऊब किती लागते ते विचारलं, आणि बेरिल खुर्ची पुढे ओढून तिला सगळं सांगत बसली. दहा मिनिटं. व्हॅलेरियन त्यांच्यामागे घामाने निथळत उभा. बेरिलने झाकण उघडून साप कार्मेलच्या हातावर दिला, आणि लेकीच्या मनगटावरून ते लांबडं सरकत कोपरापर्यंत गेलं, तेव्हा त्याला गुदमरल्यासारखं झालं. ओरडावंसं वाटलं. टाक! टाक ते खाली! तोंड उघडलं, पण पार बोबडी वळली होती. बेरिलने साप परत पेटीत ठेवला तेव्हा कुठे त्याला श्वास घेता आला.

"दोनशे चाळीस," बेरिल म्हणाली.

"ऐंशी," व्हॅलेरियन म्हणाला. 

बेरिलने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. "वीस वर्षं मी साप विकतेय," ती शांतपणे म्हणाली, "आणि भाव पाडणारे खूप बघितलेत. भाव पाडणारा माणूस साप नीट बघतो. पोट बघतो, तोंड बघतो, खवले बघतो. तू एकदाही सापाकडे पाहिलं नाहीस. तू झाकणाकडे बघतोयस. तुला घासाघीस करायची नाहीये, मेट. तुला पळायचंय."

बापाने शिकवलेली पहिलीच गोष्ट ती! वस्तू हातात घ्यायची. तीच तो विसरला होता, आणि या परक्या बाईने नेमकी तीच पकडली. कार्मेलने वळून बापाकडे पाहिलं. खिशात कोंबलेले हात, मानेवरचा घाम, सगळं तिने पहिल्यांदाच बघितलं असावं.

व्हॅलेरियनला दुसरं काही सुचलं नाही. त्याने पाठ फिरवली आणि चालू लागला. एक, दोन. तिसऱ्या पावलालाच कार्मेल त्याला ओलांडून झपाझप दाराबाहेर गेली.

बाहेर उत्तरेचा गरम वारा सुटला होता. कार्मेल त्यांच्या गाडीला टेकून उभी होती. रडत नव्हती; रडली असती तर बरं झालं असतं.

"यू वॉन्टेड देम टू से नो," ती म्हणाली. "तीनही वेळा. तू मला प्रॉमिस केलंस आणि मुद्दाम मोडलंस. पापा, नको म्हणायचं होतंस ना सरळ. मी ऐकलं असतं. आता तू काही बोललास तर मी खरं कसं धरू?"

झालं! ज्याला तो भीत होता तेच झालं. व्हॅलेरियन पार्किंगच्या कडेला, सिमेंटच्या कट्ट्यावर मटकन बसला. त्याला माहीत होतं, आता आणखी एक खोटं बोललं की ही पोर गेली हातातून. मग त्याने मान खाली घालून ते सांगायला सुरुवात केली, जे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तुला एक काका होता. ब्लेझ. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा."

"आजीच्या घरी फोटो आहे तो? तापाने गेला म्हणालास ना?"

"तापाने नाही. मी अकरा वर्षांचा, तो आठ. केळीच्या वाडीत विटीदांडू खेळत होतो. मी मारलेली विटी सुकलेल्या पानांच्या ढिगात गेली. विटी आणायला मी गेलो, तर ढिगात काहीतरी सळसळलं. मला दिसलं नाही नीट, पण मला कळलं, बाय. मला कळलं होतं. मी घाबरलो. आणि मग मी ब्लेझला म्हटलं, तू आण."

कार्मेल त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तो म्हणाला, मी का? मी म्हटलं, गोट्या देतो. तो म्हणाला, पाच. मी म्हटलं, दोन. तो ऐकेना. मग मी बापासारखी पाठ फिरवली आणि चालायला लागलो. आणि त्याने मागून हाक मारली, दादा, तीन दे. मी तीन दिल्या. त्याने खिशात टाकल्या आणि ढिगात हात घातला."

वाऱ्याने पार्किंगमधला एक कागद उडत उडत त्यांच्या पायाशी आला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"घोणस होती. बैलगाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत... मायने त्याची चड्डी धुवायला घेतली तर खिशात तीन गोट्या. तिने मला विचारलं, या कुठल्या? मी म्हटलं, मला नाही माहीत." व्हॅलेरियनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझा पहिला सौदा तो. पाचावरून तीनवर आणला. लोक माझं कौतुक करतात ना भाव पाडतो म्हणून? मला तेव्हापासून येतंय ते."

कार्मेल त्याच्या आणखी जवळ सरकली. मग तिने पैशांचं पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवलं. "चल पापा. घरी जाऊया. मला नकोय तो. रिअली. आय डोन्ट वॉन्ट इट एनीमोअर."

ती हे अगदी मायेने म्हणाली, आणि तिथेच व्हॅलेरियनच्या काळजात चर्र झालं. कारण ती खोटं बोलत होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. वर्षभराचे शनिवार पोरीने एका वाक्यात सोडून दिले, का, तर हा घाबरतो म्हणून. घाबरणार हा, आणि चुकते करणार शेजारचं लेकरू. पुन्हा तेच! तो उठला. 

"तू इथेच थांब," तो म्हणाला.

"पापा, नो. यू डोन्ट हॅव टू..."

"थांब म्हटलं ना!"

हॉलच्या दारातून कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत किती पावलं होती ते त्याने मोजलं नाही. जीव मुठीत धरून गेला एवढंच. बेरिल सामान आवरायला लागली होती. त्याला बघून तिने भुवई उचलली.

"पोरगी हुशार आहे," ती म्हणाली. "तिच्यासाठी दीडशेला देईन."

भाव आपणहून नव्वदने खाली आला होता! दुसरा कुठलाही दिवस असता तर व्हॅलेरियनने एकशेवीस म्हटलं असतं. जीभ वळवळलीसुद्धा. त्याने ती दाताखाली धरली.

"दोनशे चाळीस," तो म्हणाला. "तू सांगितलेस तेवढे."

बेरिलला वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलं. पण त्याने चेकबुक काढून आकडा लिहिला, सही केली, सही वेडीवाकडी आली. परवाना पुढे ठेवला. बेरिलने नाव वाचलं आणि म्हणाली, "परवाना तुझा. मग धरून बघायलाही तूच हवास. न धरलेला साप मी कोणाला देत नाही."

तिने झाकण उघडलं. व्हॅलेरियनने या वेळी झाकणाकडे पाहिलं नाही. त्याने सापाकडे पाहिलं, पोटाकडे, तोंडाकडे, खवल्यांकडे, बापाने शिकवल्यासारखं. मग हात पुढे केले. हात इतके थरथरत होते की बेरिलने खालून आपला तळवा लावला. वजन आलं. थंड, बुळबुळीत असेल असं त्याला पस्तीस वर्षं वाटत होतं, तर ते कोरडं होतं. ते हललं. आतून हललं, सगळंच्या सगळं, आणि त्याच्या अंगठ्याभोवती हळूच आवळलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भीती गेली असं कृपा करून समजू नका; भीती होती तिथेच होती, पुढेही सगळं आयुष्य राहिली. पेटीची कडी तो रोज सकाळी कामाला जायच्या आधी दोनदा बघायचा. पण त्याने हात मागे घेतले नाहीत. बेरिल पुरे म्हणेपर्यंत नाही.

तिने साप उशीच्या अभ्र्यात घातला, गाठ मारली आणि अभ्रा त्याच्या हातात दिला. व्हॅलेरियन तो हातभर लांब धरून पार्किंगमधून चालत आला, ओठ हलत होते, बहुतेक प्रार्थना चालली असावी. कार्मेल धावत पुढे आली. त्याची मूठ काही केल्या उघडेना. तिने एकेक बोट सोडवलं आणि अभ्रा आपल्याकडे घेतला. मग त्याने शर्टाच्या खिशातून तिचं पाकीट काढून तिला परत दिलं, होतं तसं.

तिने पाकीट चाचपलं. "कितीवर आणलंस त्या बाईला?"

"नाही आणलं. तिने सांगितले तेवढेच दिले."

"ऑल ऑफ इट? तू?"

"हो," व्हॅलेरियन म्हणाला. "मागच्या वेळी मी दोन गोट्या वाचवल्या होत्या."